बंबाला जाळी होती, मग चुलीला का नव्हती?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: तुमचा रिसर्च क्वेश्चन एका वाक्यात सांगा. बहुतेकांची इथेच पंचाईत होते, कारण आपण विषय पाठ केलेला असतो, प्रश्न नाही. 'महाराष्ट्रातील घरगुती इंधनाचा इतिहास' हा विषय झाला. माझा प्रश्न वर शीर्षकात दिलाय. ऐकायला पोरकट वाटतो. पण त्याच्या मागे गेलं की हवा, राख, जंगलखातं, सरकारी योजना आणि बायकांची फुप्फुसं असं सगळं एका धाग्यात येतं. हा धागा कसा उलगडत गेलो ते आज सांगतो. सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी वस्तू नीट बघू. माझं फील्डवर्क अर्नाळा, आगाशी, नंदाखाल या पट्ट्यात चालतं. इथल्या जुन्या घरांच्या न्हाणीपाशी किंवा परसात अजून कुठेकुठे तांब्याचा बंब दिसतो. काहींचा वापर चालू आहे, बरेच अडगळीत आहेत, आणि तांब्याचा भाव वाढला की त्यातले काही मोडीत जातात. बंबाची रचना तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण सगळा मुद्दा त्या रचनेत आहे. बाहेर पाण्याचं गोल भांडं, त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत गेलेला नळा, नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली मोकळी जागा, बाजूला तोटी. वरून नळ्यात फाटीचे तुकडे, करवंट्या, नारळाची सोडणं टाकायची. जाळ नळ्यात, पाणी नळ्याच्या भोवती.

आता यात हवा कशी फिरते बघा. नळ्यातले वायू तापले की हलके होऊन वर जातात आणि त्यांची जागा घ्यायला खालच्या जाळीतून गार हवा ओढली जाते. म्हणजे नळा एकाच वेळी भट्टीही आहे आणि धुराडंही. नळा जितका उंच आणि आतले वायू जितके तापलेले, तितकी ओढ जास्त. एक किलो कोरडं लाकूड पूर्ण जळायला साधारण पाच घनमीटर हवा लागते. एवढी हवा फुंकणीने कोण घालणार? बंब ती आपोआप ओढून घेतो. म्हणून बंब एकदा पेटला की फुंकावा लागत नाही.

आणि म्हणूनच राख त्याचा शत्रू. जाळीची भोकं बुजली की खालून हवा बंद, जाळ मंद, धूर वर. लाकडात राख तशी फार कमी असते, साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी. भाताच्या तुसात मात्र ती पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाते, शेणीतही भरपूर. किनाऱ्यावर आणखी एक भानगड असते. नारळाच्या सोडणात पोटॅश जास्त, खाऱ्या पाण्यात भिजलेल्या लाकडात मीठ. असे क्षार राखेचा वितळण्याचा बिंदू खाली आणतात, त्यामुळे राख भुरभुरीत न राहता खडे धरते आणि जाळीत घट्ट बसते. मग सळईने टोकरत बसा. वाहून आलेली फळी किंवा मोडलेल्या होडीचं लाकूड बंबात घालू नये, ते चुलीत घालावं, असं इथल्या एका आजींनी मला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जाळी धरते." रसायनशास्त्राचं पुस्तक याच गोष्टीला अर्धं पान घेतं.

आता चुलीकडे वळू. मातीची, तीन बाजू बंद आणि पुढे तोंड. त्याच तोंडातून लाकूड आत जातं, हवाही आत जाते, आणि कधीकधी धूरही तिथूनच बाहेर येतो. जाळी नाही, धुराडं नाही. राख पडते ती जागच्या जागी. शेजारी वैल असतो, म्हणजे मुख्य चुलीतून जाणाऱ्या उरलेल्या जाळावर डाळ-भात निवू न देता ठेवायची दुसरी जागा. बहुतेक अहवालांत पारंपरिक चुलीची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास दिलेली असते. म्हणजे दहा लाकडांतलं एकच अन्नाच्या कामी आलं.

मग प्रश्न पडतो तो असा. एकाच घरात, बहुतेकदा एकाच बाईच्या हाताखाली ही दोन उपकरणं होती. जाळी काय करते हे तिला रोज सकाळी दिसत होतं. तरी चुलीला जाळी लागली नाही. का?

याचं एक सोपं उत्तर पुस्तकात तयार मिळतं: परंपरा, अज्ञान, गरिबी. अशी उत्तरं मिळाली की सावध व्हा. 'अज्ञान' हे उत्तर ज्या प्रश्नाला लागू पडतं तो प्रश्न बहुतेक वेळा नीट विचारलेलाच नसतो. इथे तर ते उघडच खोटं ठरतं, कारण ज्ञान दहा पावलांवर न्हाणीत उभं होतं. गरिबी हे उत्तर थोडं बरं. तांब्याचा बंब सगळ्यांच्या घरी नव्हता, कित्येकांचं आंघोळीचं पाणी चुलीवरच हंड्यात तापायचं. पण ज्यांच्याकडे बंब होता त्यांच्या चुलीलाही जाळी नव्हती, म्हणून ते पुरत नाही.

उत्तराची पहिली खूण मला भाषेत मिळाली. आपण म्हणतो, आगीतून फुफाट्यात. फुफाटा म्हणजे निखारे दडलेली तापलेली राख. वरून शांत, आत विस्तव. जिथे ही म्हण झाली तिथल्या लोकांना राख म्हणजे विझलेली, संपलेली गोष्ट वाटत नव्हती, एवढं तरी त्यातून कळतं. चितेच्या राखेला आपण रक्षा म्हणतो, आणि विस्तव 'राखतो' हे क्रियापदही त्याच कुळातलं दिसतं. इथे एक इशारा देऊन ठेवतो. शब्दाचं मूळ हा पुरावा नव्हे, ती फक्त शोधाची दिशा. बंबाचंच घ्या. आगीच्या बंबातला 'बंब' पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, यावरून आला असं मानतात. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा बंब ही वस्तूही त्यांनीच आणली असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. शब्द प्रवास करतो तसा आणि तेव्हाच वस्तू प्रवास करते असं नाही. रशियातला समोवार आतून थेट आपल्या बंबासारखा असतो, तोच मधला नळा, तीच जाळी. म्हणून काही आगाशीचा बंब रशियातून आला नाही.

दुसरी खूण चुलीवर प्रत्यक्ष काय शिजतं त्यात होती. बंबाचं काम एकच, पाणी तापवणं, तेही लवकर. चुलीची कामं मोजा. भात उकळायचा, मग मंद करायचा. भाकरी तव्यावर टाकायची, आणि मग तवा उतरवून तीच भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवायची. सुका बोंबील निखाऱ्यावर भाजायचा. वांगं, रताळं फुफाट्यात पुरायचं. दूध राखेच्या उबेवर ठेवायचं. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी राख सारून त्यावर काटक्या ठेवून फुंकर मारायची. काडेपेटी स्वस्त आणि सर्रास होण्याआधी ही शेवटची गोष्ट चैनीची नव्हती. विस्तव विझला तर शेजारी मागायला जावं लागे.

आता कल्पना करा, या चुलीला बंबासारखी जाळी बसवली. खालून हवा लागल्यावर निखारा भराभर जळून संपतो, उरलेला तुकडा जाळीतून खाली पडतो. भाकरी कशासमोर फुगवणार? विस्तव रात्रभर कशाखाली राखणार?

म्हणजे चुलीत राख हाच हवेचा ताबा होता. राख ओढून घेतली की निखारा उघडा पडतो, हवा लागते, जाळ वाढतो. राख लोटली की हवा तुटते, जाळ दबतो. पुढे ओढलेले निखारे भाजायला, मागचा जाळ उकळायला, वैल ऊब धरायला. हे तीन तापमानांचं नियंत्रण आहे, फक्त ते यंत्रात नसून हातात आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर युक्तिवाद अर्धाच राहतो. दगडी कोळशाला जाळी लागतेच. तो मुख्यतः घनरूपात जळतो, हवा खालून त्याच्या थरातून जावी लागते, आणि त्याची राखही जास्त. लाकडाचं तसं नाही. तापलेल्या लाकडाच्या वजनातला सुमारे ऐंशी टक्के भाग वायू होऊन बाहेर पडतो आणि ज्वाळेच्या रूपात वरच जळतो. त्याला हवा हवी ती वरच्या बाजूला. मागे राहतो तो कोळसा, आणि तो राखेच्या गादीवर निवांत धुमसतो. बोटभर राख खाली असली तर ती उष्णता धरते, जमिनीला जाऊ देत नाही. ती साचून तोंडापर्यंत आली की मात्र हवेची वाट अडते. म्हणून लाकडाच्या भट्टीत राख पूर्ण खरवडून काढणं चूक आणि अजिबात न काढणंही चूक. किती ठेवायची हेच कौशल्य.

मग जाळी म्हणजे प्रगत आणि राख म्हणजे मागास हे समीकरण आलं कुठून? युरोपात चुलीचं शास्त्र लिहिणारा मोठा माणूस म्हणजे काउंट रम्फर्ड, मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. त्याने म्युनिकमध्ये 1790 मध्ये गरिबांसाठी कार्यशाळा उघडली, तिथे मोठ्या कढयांत सूप उकळून शेकडो माणसं जेवायची. त्याच्या भट्ट्यांत बंदिस्त अग्निकोश, जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि त्या कप्प्याला हवा कमीजास्त करायचं दार असायचं. लाकूड खूप वाचलं. पण बघा, तो काय शिजवत होता? सूप. म्हणजे पुन्हा उकळतं पाणीच. नंतरचं बॉयलरचं शास्त्र तर उघडपणे पाण्याचं. माझा अंदाज असा की उष्णतेच्या कार्यक्षमतेची आपली सगळी कल्पनाच पाणी उकळण्यावर बेतलेली आहे. थीसिसमध्ये हे सिद्ध करायला अजून बरंच काम लागेल, पण इथे बोलायला हरकत नाही.

आपल्याकडच्या सुधारित चुलीचा इतिहास याच प्रकाशात वाचता येतो. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने 1940 च्या दशकात मगन चूल पुढे आणली. मातीचीच, पण धुराडं लावलेली. हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी 1953 मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. त्यांच्या चुलीच्या धुराड्यात हवेची ओढ आवरायला झडप होती. या लोकांचा हेतू आधी धूर बाहेर काढण्याचा होता, लाकूड वाचवणं दुसरं. 1970 च्या दशकातल्या इंधनटंचाईच्या चर्चेनंतर क्रम उलटला. 1983 मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला, 2002 मध्ये गुंडाळला गेला. मधल्या काळात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद आहे. बसवल्याची. वापरल्याची नव्हे, हा फरक लक्षात ठेवा, सरकारी आकडेवारी वाचताना जन्मभर उपयोगी पडेल. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' संस्थेने, पूर्ण नाव ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, गावच्या कुंभारांना हाताशी धरून या कामात बरीच वर्षं घातली. त्यांचं काम मला यातलं सगळ्यात जमिनीवरचं वाटतं, कारण चूल बनवणारा माणूस त्यांनी गावातच उभा केला.

पण चूल चांगली की वाईट हे ठरवायचं कसं? 1980 च्या दशकात यासाठी आंतरराष्ट्रीय चाचण्या ठरल्या, त्यातली सगळ्यात गाजलेली वॉटर बॉइलिंग टेस्ट. ठरावीक पाणी घ्या, उकळा, मग मंद उकळत ठेवा, किती लाकूड गेलं मोजा. शेवटी उरलेला कोळसा वजन करून हिशेबातून वगळतात, कारण तो 'न जळलेलं इंधन'. त्याच मांडणीत प्रत्यक्ष स्वयंपाकाच्या आणि घरातल्या वापराच्या चाचण्याही होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या वेळखाऊ, महाग, आणि दोन घरांचे निकाल जुळत नाहीत. पाणी मात्र सगळीकडे सारखंच उकळतं. त्यामुळे व्यवहारात राज्य केलं पाण्यानेच. आपलं 1991 चं भारतीय मानकही पाणी तापवूनच कार्यक्षमता काढतं.

म्हणजे झालं काय, तर चुलीची परीक्षा बंबाच्या पेपरवर घेतली गेली. त्यात ती नापास होणारच होती. जो निखारा चाचणीत उरलेलं इंधन होता, तो स्वयंपाकघरात पुढच्या भाकरीचा जाळ होता.

आता कोणी म्हणेल, तू पारंपरिक चुलीची आरती ओवाळतोयस. अजिबात नाही. धूर खरा आहे. 1980 च्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावून धूर मोजला, तेव्हापासून त्याबद्दल शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 या एका वर्षात घरातल्या प्रदूषणामुळे जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. राखेने जाळ दाबला की अर्धवट जळलेले वायू बाहेर पडतात, म्हणजे ज्या कौशल्याचं मी वर कौतुक केलं तेच धूरही करतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि थीसिसमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. एकीला खोडून दुसरी लिहिली की गाईडचा लाल पेन येतोच.

राख-काजळी काढण्याच्या कष्टाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचा चांगला पुरावा ओडिशातून आला. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी सुमारे 2,600 कुटुंबांत सुधारित चुली चार वर्षं तपासल्या. त्यांचा लेख 2016 मध्ये छापून आला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला, पुढे फरक नाहीसा झाला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्त झाल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत. यावर लगेच 'लोक आळशी' असं म्हणणारे भेटतात. मला बंब आठवतो. त्याच प्रकारच्या घरांत बंबाची राख रोज सकाळी न चुकता निघायची, बहुतेकदा पोरांकडून. कारण जाळी बुजली तर आंघोळीचं पाणी त्याच दिवशी उशिरा तापतं. धुराड्यातली काजळी महिनोन्महिने साचते आणि तिची शिक्षा हळूहळू, नकळत मिळते. दोष माणसात शोधायच्या आधी उपकरण चूक केव्हा दाखवतं ते बघावं.

राहिला दस्तऐवजांचा प्रश्न, आणि नव्या संशोधकांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. चुलीची राख अर्काइव्हमध्ये जवळजवळ सापडत नाही. मात्र ठाणे जिल्ह्याच्या कागदपत्रांत दुसरी एक राख ढिगाने आहे: राब. भाताचं रोप करायच्या जागी झाडाच्या फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत बी पेरायचं. फांद्या जंगलातून यायच्या, जंगलखात्याने आडकाठी केली, शेतकरी खवळले. 1885 मध्ये मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्याच्या तक्रारींसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल 1887 चा. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्येही जंगल, लाकूड आणि त्याच्या व्यापारावर पानंच्या पानं आहेत. शेतातल्या राखेवरून सरकारशी भांडण झालं म्हणून ती लिहिली गेली. चुलीतल्या राखेवरून भांडण झालं तर ते सासू-सुनेत. ते कोण नोंदवणार?

तेव्हा मी साधनं बदलली. तांबटांच्या जुन्या वह्या, रुखवतातल्या भांड्यांच्या याद्या, वाटणीपत्रं. वाटणीपत्रात बंब हमखास असतो, कधी वजनासकट, कारण तांबं म्हणजे संपत्ती. चूल नसते, ती घरासोबत जाते. आणि दुसरं साधन खुद्द राख. पांढरी-करडी असेल तर जळण पुरतं जळलंय, काळी असेल तर कार्बन मागे राहिलाय. परवानगी घेऊन मी घरोघरच्या चुलीतली आणि बंबातली राख वेगवेगळ्या पिशव्यांत गोळा करतो, कोणतं जळण होतं ते लिहून. सुरू, करवंटी, सोडण, झावळी, कधी पॅकिंगची खोकी. लोक आधी हसतात, मग स्वतःच सांगायला लागतात.

त्यांच्या सांगण्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. गॅस आल्यावर चुलीवरचा स्वयंपाक आधी गेला, आंघोळीचं पाणी मात्र बरीच वर्षं लाकडावरच राहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021, देशातल्या 58.6 टक्के घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन असल्याचं दिसतं. प्रश्न स्वयंपाकाचा विचारला होता. पाणी कशावर तापतं, हे त्या आकड्यात नाही.

किल्ल्याच्या बेटावर अजून जायचंय. तिथे जळणसुद्धा होडीतूनच न्यावं लागत असणार, तेव्हा कुठलं लाकूड चुलीचं आणि कुठलं बंबाचं याची वाटणी तिथे जास्त काटेकोर असावी, असा माझा तर्क आहे. पावसाळा सरला, होड्या नियमित सुरू झाल्या की पिशव्या घेऊन निघेन.